आधी वाटीएवढा केक कर

अगं, ओव्हनचा पहिला हप्ता भरायच्या आधी घटकाभर माझ्याजवळ बस. पेणकडच्या आपल्या कासूत राहून केकचा धंदा काढायचं तुझ्या मनात आलंय, हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं. पण मोबाइलमध्ये तू जे फोटो साठवून ठेवलेस ना, तीन मजली केक, वर साखरेची फुलं, कडेनं सोनेरी नक्षी, ते पाहून काळजीही वाटली. तसा केक करायला सराव लागतो, तो तुला जमेलही. पण पहिल्या वर्षी तो केक तुला पोसणार नाही. म्हणून सांगते, लहानापासून सुरुवात कर. एका माणसाला एक, हातात धरून खाता येईल एवढा केक.

किलोच्या केकमध्ये सगळा डाव एकाच साच्यावर लागलेला असतो. मधोमध खचला की मैदा, लोणी, अंडी, सगळी सकाळ गेली. वर संध्याकाळी वाढदिवसाच्या घरी जाऊन काय सांगायचं? बारा लहान साच्यांतले दोन बिघडले तर दहा उरतात, आणि ते दोन घरातली पोरं आनंदानं संपवतात. हात बसेपर्यंत असंच काम घ्यावं, ज्यात चूक स्वस्तात पडते.

दुसरं आपल्या हवेचं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात दुपारी कासूत काय परिस्थिती असते ते तू जाणतेस. त्यात खाडीकडून येणारी दमट हवा आणि मध्येच जाणारी वीज. क्रीमची फुलं काढून ठेवलीस आणि फ्रीज दोन तास बंद पडला, तर फुलांची खीर होणार. आणि रस्ता? मुंबई-गोवा महामार्गाचा कासू ते इंदापूर हा टप्पा आपण वर्षानुवर्षं उकरलेला पाहिलाय. मोटरसायकलच्या मागे खोका धरून नागोठण्याला मजली केक पोचवायचा म्हणजे जिवाला घोर. लहान केकचा डबा मांडीवर ठेवून दिवा-रोहा गाडीत बसलं तरी काम होतं.

आणि एक गोष्ट फक्त बाईच बाईला सांगू शकते. मोठा केक कापला की आधी पाहुणे, मग पोरं, मग घरातली पुरुषमाणसं, आणि जी दिवसभर स्वयंपाकघरात उभी होती तिच्या वाट्याला पुठ्ठ्याला चिकटलेला चुरा. घराघरांत हे असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. लहान केक मोजून येतात. माणसं दहा तर केक दहा, आणि प्रत्येकाला अख्खा. त्या दहांत ती बाई मोजली जाते. मला लहान केक आवडायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

तुला वाटेल, कपकेक विकणं म्हणजे कमीपणा, खरी कारागिरी मोठ्या केकमध्ये. तसं मुळीच नाही. जगातल्या नावाजलेल्या मिठायांपैकी कितीतरी अशा मुठीत मावणाऱ्या आहेत, आणि प्रत्येकीच्या मागे काहीतरी घरगुती निकड आहे. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्सनं छापलेल्या पाकपुस्तकात लहान कपांत भाजायचा हलका केक आहे. पुढे १८२८ साली एलायझा लेस्लीच्या पुस्तकात त्याला ‘कप केक’ हे नावही मिळालं. त्या काळच्या चुलीच्या भट्टीत मोठा केक बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. कपातला लवकर भाजून निघायचा. मापही वाटीचंच. एक वाटी लोणी, दोन वाट्या साखर, तीन वाट्या मैदा, चार अंडी, हे प्रमाण तिकडच्या बायकांच्या तोंडपाठ होतं. आपण शिऱ्याचं प्रमाण सांगतो तसंच.

फ्रान्समध्ये तर अंड्याचा कुठला भाग उरला यावर केक ठरले. बोर्दो हे दारूचं गाव. तिथे वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरायचे, मग पिवळ्याचं करायचं काय? त्यातून कानले नावाचा केक आला असं तिथले लोक सांगतात. तांब्याच्या छोट्या कंगोरेदार साच्याला आतून मेण लावून भाजतात. बाहेरून गडद तपकिरी, कडक, आत मऊ. फिनान्सिए उलटा. त्यात पांढरा बलक, बदामाची पूड आणि तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी. आकार सोन्याच्या विटेचा, कारण पॅरिसच्या शेअर बाजाराच्या आसपास तो खपायचा. बाजारातली माणसं उभ्या उभ्या खाऊन हात न पुसता कामाला लागत. गिऱ्हाईक कोण आहे आणि त्याचे हात कशात गुंतलेत, हे बघून केक ठरवला होता त्यांनी. तू हे नीट लक्षात ठेव. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांकडे मी पुढे येणार आहे.

लॉरेन प्रांतातल्या कोमेर्सी गावाची मॅडलीन शिंपल्याच्या आकाराची. तिची युक्ती तुझ्या कामाची आहे, दही-सोड्याचा सोडून इतर कपकेकला चालते. मिश्रण फ्रीजमध्ये गार करायचं आणि साचे एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायचे. कडा लगेच धरतात, मधला गार भाग उशिरा फुगतो आणि वर उचलतो. ते जे मधोमध टेंगूळ येतं, ते तिथे चांगल्या मॅडलीनचं लक्षण मानतात.

पण मला विचारशील तर आपल्याला जवळचा आहे तो लॅमिंग्टन. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. स्पंज केकचे चौकोनी तुकडे, पातळ चॉकलेटमध्ये बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेले. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ तिकडे गव्हर्नर होते, त्यांच्या घराण्याच्या नावावरून केकला नाव पडलं असं मानतात. हेच गृहस्थ नंतर १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईतला लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा, आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिकडे त्यांच्या नावाचा केक आणि इकडे त्यांच्या नावाचा रस्ता, पण त्या रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांनी तो केक खाल्लाय? तू कर. क्रीम नाही, फ्रीजवर फारसं अवलंबून नाही, खोबऱ्याच्या आवरणानं आतला स्पंज दोन दिवस मऊ राहतो, आणि खोबरं तर घरचं. शाळेच्या डब्यासाठी याच्याइतका सोयीचा केक मला दुसरा माहीत नाही.

त्याच लॅमिंग्टन रोडजवळ, ग्रँट रोड स्टेशनासमोर, १९१४ साली सुरू झालेलं बी. मेरवान हे इराणी हॉटेल मावा केकसाठी नावाजलं. सकाळी उशिरा गेलेल्याला केक मिळायचा नाही. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी, १९५५ सालची, तिचाही मावा केक असाच. कागदाच्या वाटीत, वर तपकिरी, आत दाणेदार, वेलचीचा वास, सजावट शून्य. मुंबई-पुण्याला लहान केकची गोडी लावली ती या इराणी-पारशी बेकऱ्यांनी. मावा केक तू हिवाळ्यात धर. हवा कोरडी असते, दूध चांगलं असतं, डबाबंद ठेवला तर दोन-तीन दिवस टिकतो. फक्त मावा घरी आटव. सणासुदीच्या बाजारातल्या माव्यावर आपलं नाव लावू नये. लिटरभर म्हशीच्या दुधाचा जेमतेम २०० ग्रॅम मावा पडतो, त्यावर गॅस किती जळतो तेही बघ, आणि मग किंमत ठरव.

आता जे सांगते ते मात्र नीट ऐक, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. तुझ्याकडे जगातला एक उत्तम लहान केक आधीपासून आहे आणि तू त्याला ‘जुनाट’ म्हणून बाजूला टाकतेस. सांदण. बरका फणस, तांदळाच्या कण्या, गूळ, नारळाचं दूध, आणि स्टीलच्या वाट्या. अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही, ओव्हन नाही. तुला हप्ताच भरायचा नाही, बाय!

फिलिपिन्समध्ये तांदळाचा असाच वाफवलेला छोटा केक असतो, पुतो. तिथे तो घराघरांत करतात आणि रस्त्यारस्त्यावर विकतात. त्यांचाच दुसरा बिबिंका, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घालून, मातीच्या भांड्यात केळीचं पान घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला. नाताळच्या आधी पहाटेची प्रार्थना आटोपली की चर्चबाहेर गरम गरम विकत घेतात. आपलं धोंडस वेगळं काय असतं? पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून, जाड बुडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून. थायलंडमध्ये तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध खळग्यांच्या तव्यात ओतून खनोम क्रोक करतात, डेन्मार्कमध्ये तसल्याच बिडाच्या तव्यात नाताळला एब्लस्कीव्हर करतात, आणि आपल्या मांडणीवर अप्पेपात्र धूळ खात पडलेलं असतं. पोर्तुगालमध्ये तांदळाचं पीठ घातलेला बोलो द आरोझ कागदाची पट्टी गुंडाळून बेकरीत मांडतात. जिथे तांदूळ आणि नारळ पिकतो तिथल्या बायकांनी त्याचाच केक केला आणि ताठ मानेनं विकला. कासूच्या चहूकडे भातखाचरं आहेत. आपण काय म्हणून लाजायचं?

सांदण करायची रीत तुला आजीकडून अर्धी माहीत असेल, पण विकायचं म्हटलं की दर वेळी सारखंच उतरलं पाहिजे, म्हणून सगळी सांगते. फणस बरकाच घे, काप्याचा रस निघत नाही. हाताला, विळीला खोबरेल लाव. गरे बिया काढून चाळणीवर हातानं घोळले की खाली रस उतरतो आणि वर धागे राहतात; मिक्सरला लावू नकोस, धागे बारीक होऊन तोंडात येतात. गिरणीत कण्या स्वस्त मिळतात. त्या निवडून, धुऊन, सावलीत कापडावर वाळवून रवाळ दळून घे. दळल्यावर पीठ चाळून वेगळं कर, त्याची घावनं होतील. रवा कढईत नुसता गरम होईपर्यंत परत, रंग बदलू देऊ नकोस. एक वाटी रव्याला एक वाटी रस, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ. फणस फार गोड असेल तर गूळ हात आखडून. कालव आणि तासभर झाकून ठेव. झाकण काढशील तेव्हा मिश्रण घट्ट झालेलं असेल, चमचा उभा राहील असं. रव्यानं रस ओढून घेतलेला असतो. हा तास कुणी घाईत गाळला की सांदण खाताना रवा दाताखाली कचकच लागतो. मग नारळाचं जाड दूध घालत घालत इडलीच्या पिठाइतकं सैल कर. वाट्यांना तूप, पाऊण भरायच्या, वर काजूचा एक तुकडा. इडलीपात्रात पाण्याला उकळी आल्यावरच वाट्या ठेव आणि झाकणाला आतून फडकं बांध, नाहीतर वाफेचे थेंब पडून वर खड्डे पडतात. पंधरा-वीस मिनिटं. सुरी घालून बघ, कोरडी निघाली की गॅस बंद. आणि पूर्ण निवल्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम असताना ते मोडतं. निवलं की सुरीच्या टोकानं कड सोडवली की अख्खं सुटून येतं, वाटीच्या तळाचा गोल छाप घेऊन, पिवळंधमक.

हे केलेल्या दिवशीच विकायचं. नारळाचं दूध आहे, उकाड्यात आंबतं. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग, आजच्या आज खा, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून उद्या वाफ देऊन खा. असं सांगणाऱ्या बाईकडे माणसं परत येतात.

फणस सरला की थांबायचं नाही. भाद्रपदात तवशी येतात, तेव्हा धोंडस. पण भलं मोठं एक न करता त्याच वाट्यांत कर. गणपतीत मुंबईहून घरोघर माणसं येतात, अंड्याचा केक तेव्हा चालत नाही, आणि तुझं वाटीतलं धोंडस आरतीनंतर ताटात ठेवता येतं. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालतं. रंगकाम करणाऱ्यांना चहाबरोबर असं काहीतरी लागतं, जे कागदात धरून खाता येईल, सांडणार नाही, बोटं चिकट होणार नाहीत. तिथे क्रीमचा केक नेशील तर कुणी हात लावणार नाही. लॅमिंग्टन ने, रव्याचा खोबरं घातलेला केक ने. पॅरिसच्या शेअर बाजाराची गोष्ट म्हणूनच सांगितली तुला.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात पोपटी लावतात, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून, उपडं ठेवून, भोवती जाळ करून. बंद भांडं आणि चोहीकडून आच, ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय? तेव्हा ओव्हन येईपर्यंत जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून दहा मिनिटं तापव, वर जाळी ठेव, जाळीवर साचे, आणि घट्ट झाकण. मावा केक त्यात छान होतो. कुकर वापरलास तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेव, हे विसरायचं नाही.

ओव्हनच्या आधी वजनकाटा घे. साधा, ग्रॅम दाखवणारा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, आणि तुझाही हात सकाळी एक नि दुपारी एक असतो. मैदा घातल्यावर मिश्रण फेटत बसू नकोस, जेवढं जास्त फेटशील तेवढा केक चिवट होईल. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब. साचे दोन-तृतीयांशच भर. दही आणि सोडा घालून बिनअंड्याचा करत असशील तर कालवल्याबरोबर आचेवर चढव, कारण बुडबुडे लगेच सुटायला लागतात आणि मिश्रण ठेवून दिलं की ते निघून जातात. कपकेक १८० अंशांना अठरा-वीस मिनिटांत होतो, त्यापुढचं प्रत्येक मिनिट त्याला कोरडा करतं. लहान केक कोरडा पडायला वेळ लागत नाही, तेव्हा तिथून हलू नकोस.

राहिला पैशाचा विषय, ज्यावर आपण बायका बोलायला संकोचतो. किंमत काढताना तू सामान धरशील, फार तर गॅस धरशील. कागदाची वाटी, डबा, गाडीभाडं, बिघडलेले दोन, आणि तुझे तास? ‘घरीच तर असते’ म्हणून स्वतःची मजुरी शून्य लावू नकोस. फणस फोडायला, कण्या निवडायला, भांडी घासायला लागलेला वेळ लिही आणि गावात दुसऱ्या कामाला बाईला जी रोजंदारी मिळते त्या हिशेबानं तो धर. शेजारणी, नणंदा म्हणतील, एवढं महाग? एखादं चाखायला प्रेमानं दे, पण विकताना भाव पाडू नकोस आणि उधारी तर मुळीच ठेवू नकोस. एकदा पाडलेला भाव वर नेताना फार जड जातं.

अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी विक्री सुरू करायच्या आधीच करून टाक. घरगुती लहान धंद्याला साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. डब्यावर केलेल्याची तारीख, काय काय घातलंय, अंडं आहे की नाही, हे मराठीत लिही. काजू-बदाम असतील तर तेही. काहींना सोसत नाहीत. बचत गटात असशील तर बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानाच्या तालुक्यातल्या बाईंशी बोलून ठेव. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे गावोगावच्या बायका आपापल्या भागाचे जिन्नस घेऊन बसतात. तिथे चॉकलेट कपकेक नेऊन तुझी ओळख होणार नाही. वाटीतलं तवशाचं धोंडस किंवा खोबऱ्यात घोळलेला लॅमिंग्टन नेलास तर लोक थांबतील, विचारतील, कासू कुठे आलं म्हणून.

मजली केकची हौस मी मारायला सांगत नाही. दोन वर्षांनी हातात पैसा आला, सराव झाला, की खुशाल कर, मीच पहिली ऑर्डर देईन. पण येत्या मे महिन्यात पहिला बरका फणस उतरला की सांदणांचा एक घाणा लाव, रस किती निघाला, रवा किती लागला, वाट्या किती झाल्या, वेळ किती गेला, सगळं वहीत लिही आणि ती वही घेऊन माझ्याकडे ये. भाव आपण दोघी बसून ठरवू.